तात्या विचार करतात तेव्हा

मंगळवारी सकाळी धनश्री भाकरी थापत असताना तिच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा किंचाळला आणि घरातली सगळी माणसं चुलीकडे धावली.

पहिला आला गोरक्ष, तिचा चुलतभाऊ. फिट आली की वाजणारा तो पट्टा त्यानेच आणला होता आणि पट्ट्याची शिट्टी त्याच्या मोबाईलवरही वाजायची. पाठोपाठ धनश्रीचे वडील ज्ञानेश्वर आले, ते एका पायातली चप्पल हातात घेऊनच. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, की फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावायची नाही, कांदा लावायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि शेजारी थांबायचं, बस. ज्ञानेश्वरांना ते पटलंही होतं. पण शिट्टी वाजली की त्यांचा हात आपोआप पायाकडे जायचा.

"भाकरी थापतेय, आण्णा," धनश्री म्हणाली. "चप्पल घाला."

"मग हळू थाप की," गोरक्ष म्हणाला. "पट्ट्याला वाटतं फिट आली."

"हळू थापली की चिरते."

"मग रेश्माला थापू दे."

"रेश्माच थापतीय चार दिस झालं," मागून त्याची बायको रेश्मा म्हणाली. "भाकरीला वाजतो, धुनं धोपटलं की वाजतो, ताक घुसळलं की वाजतो. असला पट्टा मलाबी आना एखादा."

शनिशिंगणापुरात घराला दार नसतं. ह्याही घराला नव्हतं, बाहेर नाही आणि आतही नाही. न्हाणीला एक निळा पडदा होता आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत नेहमीची सूचना दिली होती, की आंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही. त्यावर तात्यांनी, म्हणजे गोरक्षच्या वडिलांनी, ताठ बसून सांगितलं होतं, "मॅडम, कडी सोडा, आमच्याकडं दारच न्हाई." डॉक्टरीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. असं घर त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

धनश्रीला मात्र ह्या घराचा कंटाळा आला होता. पडद्याआड अंगावर दोन तांबे ओतेपर्यंत बाहेरून कुणीतरी विचारायचं, "धने, हायेस ना?" तिने "हाय" म्हणायचं, आणि मग दुसऱ्याने विचारायचं. नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिला नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. सावेडीत अश्विनी नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली ठरली होती. अश्विनीला सगळं ठाऊक होतं, फिट आली तर काय करायचं तेही. त्या खोलीला दार होतं. आता फक्त तात्यांनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्यासाठीच आज दुपारी घरात बैठक बसणार होती.

बैठक मधल्या खोलीत भरली, कारण धनश्रीची कॉट तिथे होती आणि कॉटच्या वर अख्खी खोली टिपणारा कॅमेरा होता. कॅमेऱ्याची गोष्ट साधी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "फिट येते तेव्हा आधी कुठला हात हलतो?" घरच्यांनी एकाच वेळी "उजवा" आणि "डावा" असं सांगितलं, कारण सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून उभे असायचे आणि ज्याला जसं दिसेल तशी तो बाजू सांगायचा. बाईंनी कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "मला व्हिडिओ दाखवा." गोरक्षचा धंदाच कॅमेरे बसवण्याचा. दार नसलेल्या गावात कॅमेरा चांगला खपेल, हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

"मी धनश्रीच्या बाजूनं हाय," बैठकीत गोरक्षनेच तोंड उघडलं. "जाऊ द्या तिला. खोलीत मी कॅमेरा बसवून देतो. हितं दुकानात बसून तात्या बघतील, आई बघंल, सुरतची आत्याबी बघंल."

"अश्विनीपण राहते त्या खोलीत," धनश्री म्हणाली. "कॅमेरा नको."

"मग मी न्हाई बाजूनं."

"हे बरं हाय," रेश्मा उसळली. "कॅमेरा लागला तर शानी, न्हाई लागला तर येडी? जाऊ द्या तिला. गोळ्या बदलल्यापासनं एकच फिट आली."

"तीबी कुनी धरलं म्हनून निभावलं," ज्ञानेश्वर हळूच म्हणाले. त्यांना लेकीला हो म्हणायचं होतं. पण थोरला भाऊ बसलेला असताना आधी हो म्हणायची सवय त्यांना नव्हती. "पोरी, तिथं दार लावून बसशील आन् आत काय झालं तर?"

"आण्णा, मी कडी लावणार नाही."

"मग दार कशाला पायजे तुला?"

"कडी लावायची नाही हे मला मान्य आहे," धनश्रीचा आवाज चढला. "पण लावायची नाही असं म्हणायला तरी कडी पाहिजे ना!"

 सगळे तात्यांकडे बघायला लागले.

तात्या खुर्चीत बसले होते. हातात चहाचा कप. देवळाजवळच्या त्यांच्या तेलाच्या दुकानावर आणि ह्या घरावर त्यांचा शब्द अखेरचा, आणि तो शब्द ते घाईने द्यायचे नाहीत, हे गावभर माहीत होतं. पंचायतीतले लोकसुद्धा भांडणं घेऊन त्यांच्याकडे यायचे.

"माझं म्हननं असं हाय," तात्या म्हणाले, "का पोरगी शिकलेली हाय, आन्..."

आणि ते थांबले.

तात्या विचार करायला लागले की घर श्वास धरून बसायचं. नजर समोरच्या भिंतीवर, पापणी हलत नाही. तोंडात सुपारी असल्यासारखे ओठ हलतात. उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करतात. ह्या थांबण्याला घरात फार मान होता. ह्याच थांबण्यापुढे भावाभावांची वाटणी झाली होती आणि रेश्माचं लग्नही ठरलं होतं.

गोरक्षची आई राहीबाई मात्र उठल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या उठत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला कप अलगद काढून घेतला. हे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आता हातातलं गरम काही सांडेल, आणि आता जो आधी बोलेल त्याचं खरं होईल. दुसरी गोष्ट त्यांना नव्या नवरीपणातच कळली होती आणि त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. गोरक्षला मामाच्या गावच्या शाळेत घालायचं, रानात डाळिंब लावायचं, ह्या मोठमोठ्या गोष्टी राहीबाईंनी अशाच वेळी उरकल्या होत्या. धनश्रीची आई गेल्यावर दोन वर्षांची ती पोर ह्या घरात राहीबाईंच्याच पदराखाली वाढेल, हेही तसंच ठरलं होतं. त्यांनी धनश्रीकडे पाहिलं. ती फिटमध्ये चुलीजवळ पडली होती तो दिवस त्यांना आठवला. 

"न्हाई म्हनत्यात ते," राहीबाई म्हणाल्या.

"बरोबर हाय दादाचं," ज्ञानेश्वर लगेच म्हणाले आणि खाली बघायला लागले.

"मीबी तेच म्हनत हुतो," गोरक्ष म्हणाला.

रेश्मा पदराने वारा घ्यायला लागली. तात्यांनी एक खोल श्वास घेतला, पापण्या मिटल्या, उघडल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "मग ठरलं का?"

"ठरलं," राहीबाई म्हणाल्या. "पोरगी हितंच राहनार."

"झ्याक," तात्या म्हणाले आणि रिकाम्या हाताकडे बघत बसले. "माझा चहा कुठंय?"

धनश्री रडली नाही. तिला रागही यायचा राहून गेला होता. ती तात्यांच्या बोटांकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तिचा आजार समजावून सांगितला होता, नीट चित्र काढून. सगळ्याच फिटा हातपाय झाडत येत नाहीत, असंही त्या म्हणाल्या होत्या. काही माणसं नुसती थांबतात, ओठ चावतात, कपड्याशी चाळा करतात. भोवतालचे म्हणतात, विचारात आहेत.

ती गोरक्षजवळ जाऊन बसली. "गोरक्षदादा, मघाचं काढ कॅमेऱ्यातलं."

गोरक्षला वाटलं, हिला आपली बाजू कुठे चुकली ते बघायचंय. त्याने मोबाईलवर बैठक लावली. तात्या "आन्..." म्हणाले आणि थांबले. गोरक्षने पडद्यावर बोट आपटलं.

"अटकलं. रेंजचा घोळ हाय."

"अटकलं नाही. वरचा पंखा बघ."

पंखा फिरत होता. रेश्मा पदराने वारा घेत होती. राहीबाई उठल्या, कप घेतला, बोलल्या, बसल्या. अख्खी खोली चालू होती आणि मधोमध तात्या तेवढे बंद होते. गोरक्षने दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असता तर असं झालं नसतं असं पुटपुटून पाहिलं, मग तेही सोडून दिलं. तो मागे मागे गेला. गेल्या आठवड्यात पेंड विकायला आलेला माणूस तात्यांसमोर बसला होता. तात्या थांबले. तो माणूस चुळबुळला, घाबरला आणि आपल्या तोंडाने भाव उतरवून मोकळा झाला. गोरक्षने मोबाईल पालथा घातला.

"बोलू नको कुनाला," तो म्हणाला.

"डॉक्टरांना पाठव."

"माझा बाप हाय त्यो!"

"म्हणूनच पाठव."

गोरक्षने अखेर तो व्हिडिओ पाठवला. चार वाजता डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल ठरलेलाच होता, धनश्रीच्या तपासणीचा. बाईंनी तिचे व्हिडिओ पाहिले होते, समाधानी होत्या, गोळ्या लागू पडल्यात म्हणाल्या. मग चष्मा सरसावून म्हणाल्या, "आणि हे खुर्चीतले गृहस्थ कोण? ह्यांना हे किती वर्षांपासून होतंय?"

"काय हुतंय?" ज्ञानेश्वरांनी विचारलं.

"ह्या फिटाच दिसतायत मला. नक्की तपासल्यावर सांगेन. ह्याच आठवड्यात घेऊन या. तोवर गाडी चालवू द्यायची नाही, विहिरीवर एकटं सोडायचं नाही. आणि घाबरू नका, ह्याला औषध आहे."

कॉल संपला. तात्या तेव्हा ओट्यावर कुणाचं तरी बांधाचं भांडण मिटवत होते. आत सगळे गोरक्षच्या मोबाईलभोवती गोळा झाले.

"म्हंजी," ज्ञानेश्वर अखेर म्हणाले, "वाटणीच्या टायमाला दादा थांबले हुते. मला वाटलं, माझ्यावर चिडले. म्हनून मी आपल्या तोंडानं म्हनलो, मला माळाचं रान चालंल, पाटाखालचं तुमी ठेवा."

"मला बघायला आले तवाबी थांबले हुते," रेश्मा म्हणाली. "आमच्या वडलांना वाटलं, पोरगी नापसंत. त्यांनी घाईघाईनं साखरपुड्याची तारीखच सांगून टाकली." तिने गोरक्षकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजी तुमच्यासाठी मला कुनी पसंत केलंच न्हवतं."

"आता त्याचं काय?" गोरक्ष ओरडला.

"काय न्हाई. म्हाईत असावं."

"पन मॅडम म्हनल्या औषध हाय," ज्ञानेश्वर चाचरत म्हणाले. "औषधानं दादा थांबायचे बंद झाले, तर घरातलं ठरायचं कसं?"

हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता. बराच वेळ त्यावर चर्चा झाली. गोरक्षचं म्हणणं पडलं की तात्यांना सांगूच नये, गोळी चहात घालावी. रेश्मा म्हणाली, गोळी पोटात जायच्या आधीच ते थांबले आणि आईंनी कप काढून घेतला तर? तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, की राहीबाई अजून एक शब्दही बोलल्या नाहीत.

"काय कुजबुज चाललीय?" दारातून, म्हणजे जिथे दार असायला हवं तिथून, तात्यांनी विचारलं.

 धनश्री उठली, मोबाईल घेऊन त्यांच्यापाशी गेली. तिला आता त्यांची दया येत होती, आणि आपण त्यांच्यावर सूड उगवतोय की काय अशी भीतीही वाटत होती. "तात्या, हे बघा. आणि बसून बघा."

तात्यांनी पाहिलं. परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. त्या छोट्या चौकोनात एक म्हातारा भिंतीकडे बघत ओठ चावत होता, गुंडी चाचपत होता, आणि त्याच्याभोवती त्याच्या नावाने माणसं निकाल देत होती. तात्यांना ते काही आठवत नव्हतं. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं, की कधी कधी बोलण्याचा एक तुकडा हातातून निसटतो आणि पुढचा तुकडा सापडतो तेव्हा सगळे आपल्याकडे बघत असतात. सगळ्यांचंच असं होत असेल असं त्यांना वाटायचं. "मग ठरलं का?" असं विचारलं की काम भागतं, हे ते तरुणपणीच शिकले होते. आज पहिल्यांदाच त्यांना खूप भीती वाटली.

"तुला म्हाईत हुतं?" त्यांनी राहीबाईंना विचारलं.

"आजार हाय ते न्हवतं म्हाईत. मी फकस्त कप काढून घ्यायचे."

"आन् उत्तर?"

राहीबाईंनी पदर नीट केला. "तेबी द्यायचे," त्या म्हणाल्या. "वाईट तर कुनाचं केलं न्हाई ना?"

"मोठ्या आई," धनश्री म्हणाली, "माझं केलंत. आज."

राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या उठून ओट्यावर गेले. बांधाच्या भांडणातली दोन्ही माणसं अजून निकालाची वाट बघत होती. तात्यांनी त्यांना हात जोडले आणि तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचार न करता निकाल दिला होता.

त्या दिवसापासून घराची नजर धनश्रीवरून उडाली आणि तात्यांवर बसली. ते वाक्य बोलताना दम घ्यायला थांबले तरी गोरक्ष मोबाईल रोखायचा. त्यांनी ओठ पुसले तरी ज्ञानेश्वर अर्धे उठायचे. रात्रीच्या जेवणात तात्यांनी भाकरीचा घास जरा जास्त चावला, तर पाचही माणसं जेवायची थांबली. पट्टा ह्या जातीच्या फिटांना कामाचा नाही, असं धनश्रीने चारदा सांगितलं. पण "असू दे, काय खातोय का?" म्हणून राहीबाईंनी तो तिच्या मनगटावरून काढला आणि तात्यांच्या मनगटावर चढवला.

बुधवारी सकाळी तात्या आंघोळीला गेले. निळा पडदा पडला.

"तात्या, बरं हाय ना?" गोरक्षने बाहेरून विचारलं.

"बरं हाय."

"दादा, वाफ लई न्हाई ना?" ज्ञानेश्वरांनी विचारलं.

"न्हाई."

"आवं, बोलत राहा," राहीबाई म्हणाल्या. "गप बसू नगा. पाडे म्हना."

"पाडे?"

"बेचा म्हना."

आतून बे एके बे ऐकू यायला लागलं. घर निर्धास्त झालं. बे पंचे दहाला तात्यांनी वजरी घेतली आणि टाच घासायला सुरुवात केली, पन्नास वर्षं घासत आले होते तशी, खसाखसा. पट्टा किंचाळला. गोरक्षचा मोबाईल किंचाळला. पडदा कुणी ओढला ते पुढे कधीच कळलं नाही, पण तो अख्ख्या दांडीसकट खाली आला. गोरक्ष मोबाईल रोखून उभा होता. राहीबाई कुशीवर वळवायला धावल्या होत्या. ज्ञानेश्वरांच्या हातात चप्पल होती. आणि ओल्या अंगाने, एका हातात वजरी आणि दुसऱ्या हाताने तांब्या पुढे धरून, गावचे सगळ्यात मानाचे गृहस्थ त्या सगळ्यांकडे बघत होते.

"ए!" तात्या गरजले. "कुनीतरी दार बसवा रे ह्या घराला!"

शेजारच्या दोन घरांनी ते ऐकलं. त्या घरांनाही दारं नव्हती.

दुपारी धनश्री कपड्यांच्या घड्या घालत बसली होती तेव्हा तात्या तिच्या कॉटपाशी आले. त्यांनी आधी कॅमेऱ्यावर आपली टोपी अडकवली. मग बसले.

"धने, तुला रोजच असं हुत असंल."

"रोज."

"भ्या वाटतं का गं? आता येईल, मग येईल, असं?"

"वाटतं. पण त्याच्यापेक्षा घरच्यांच्या धावण्याचं जास्त वाटतं."

तात्या थांबले. धनश्रीने पटकन त्यांच्या ओठांकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. काही हलत नव्हतं. ते खरोखरच विचार करत होते. तिने त्यांना करू दिला.

"तुझी ती नगरची खोली," ते म्हणाले. "तिला दार हाय ना?"

"आहे."

"न्हानीलाबी?"

"न्हाणीलापण आहे."

"मग एक तारखेला मी येतो सोडायला. एस्टीनं." त्यांनी स्वयंपाकघराकडे चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. "आन् नगरला दवाखान्यात येनं तर व्हईलच मला. आलो म्हंजी तुझ्याकडं येत जाईन. आंघोळीला."

धनश्रीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "या ना. पण तात्या, कडी लावायची नाही हं."

"न्हाई लावनार," तात्या म्हणाले. "पन कडी असू दे."